टेकडीवर पाठवलेली गांडुळं

वारज्याच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणारी मंडळी झाडांसाठी बाटलीतून पाणी नेतात. नागोराव डब्यातून गांडुळं न्यायचे. यवतमाळहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर गांडूळखतात असे रमले, की सोसायटीला त्यांचं आडनाव आठवेना; नुसते ‘गांडूळकाका’ उरले. ड्रममधली तांबडी परदेशी गांडुळं भराभरा वाढत. जास्तीची ते सहा वर्षं टेकडीवरच्या झाडांखाली सोडत आले होते.

“लेक सासरी पाठवताना एवढं मागं वळून पाहिलं नव्हतं यांनी,” त्यांच्या पत्नी गोदाबाई म्हणत.

यंदा बेत मोठा होता. रविवारी चाळीस जण चाळीस डबे घेऊन वर जाणार होते. डबे भरून गॅलरीत मांडलेही होते.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या भाग्यश्रीनं त्यांना बोलावलं. मातीतले बारीक जीव हा तिच्या अभ्यासाचा विषय. टेकडीवरच्या दोन जागांचा पालापाचोळा तिनं चाळणीत घालून वर दिवा लावला होता. उष्णतेनं जीव खाली पळतात आणि नरसाळ्यातून बशीत पडतात. नागोरावांनी भिंगाला डोळा लावला. पहिल्या बशीत जत्रा होती: उड्या मारणारे पिटुकले किडे, मोहरीहून लहान आठपायी जीव. दुसरीत भाड्यानं द्यायच्या घरासारखी सामसूम.

“ही कुठली?”

“तुमच्या कडुनिंबाखालची, काका. पहिली, जिथं तुम्ही गांडुळं सोडली नाहीत तिथली. पाचोळा म्हणजे ह्यांचं छप्पर आणि जेवणही. तुमची गांडुळं तोच फस्त करतात.”

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे त्यांनी शाळेपासून ऐकलं होतं. शेतात असेल, ती म्हणाली. हे जंगल आहे. नागोरावांनी पुन्हा दुसऱ्या बशीवर भिंग धरलं.

“मीबी पुण्यात न बोलावताच आलो, बेटा.”

“तुम्ही आमचं छप्पर नाही खाल्लंत.”

दोन बशांनी काही सिद्ध होत नाही, अजून तीस जागा बघायच्यात, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे रविवार साजरा करायला पळवाट होती. शनिवारभर नागोराव त्या पळवाटेशी घुटमळले. गोदाबाई दिवसभरात एकदाही टोमणा मारत नाहीत, हे पाहून ते जास्तच घाबरले.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी सांगितलं, की बहुधा आपण सहा वर्षं चूक केली. डबे घरी न्यावेत, कुंड्यांत वापरावेत, वर एकही गांडूळ नेऊ नये.

“म्हणजे त्यासाठी आम्ही तुम्हाला रोज घातलेले नमस्कार?” निवृत्त हेडमास्तर अनिरुद्ध यांनी कोरडेपणानं विचारलं.

“परत न्या जी,” नागोराव म्हणाले. काही जण हसले. काहींनी तेव्हापासून खरंच नमस्कार बंद केला.

आता ते रिकामा डबा घेऊन वर जातात. कडुनिंबाखाली उकिडवे बसून हळूच पाचोळा उचलतात, सापडलेलं गांडूळ डब्यात ठेवतात, पाचोळा होता तसा पांघरतात. पहिल्या दिवशी दोन तासांत चार मिळाली.

गोदाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. “आल्या का माहेरी?”

“साऱ्या नाही येत आता,” नागोराव म्हणाले आणि गुडघे चोळत बसले.