कार्डाच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिला हळदकुंकू लागतं, मग ती चालू होते. ट्रॅक्टरला लागलं, फवारणीच्या ब्लोअरला लागलं, माझ्या पदवीच्या कागदालाही लागलं. तो डाग अजून विद्यापीठाच्या शिक्क्याशेजारी आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

तेव्हा माझं क्रेडिट कार्ड पाकिटातून निघाल्याबरोबर आईनं ते देवापुढं पाटावर ठेवलं, यात नवल नव्हतं. कुंकू कुठं लावायचं, एवढाच प्रश्न होता. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तर तिला पुढच्या बाजूचा सोनेरी चौकोन दिसला.

"हेच त्याचं कपाळ दिसतंय," ती म्हणाली. तेलात बोट बुडवून तिनं नेमका तिथं हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. मी हसले, वरचं कुंकू झटकलं आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

मी दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची प्रत तपासते. त्या हंगामात आमच्या गावातल्या दहा घरांचा माल एका कंटेनरमधून हॉलंडला गेला होता, त्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचाही होता. तिकडच्या व्यापाऱ्यानं कळवलं की देठ काळे पडलेत, माल कमी भावानं घेऊ. मंगळवारी अकरा वाजता पेट्या उघडून पुन्हा तपासणी होणार होती. आपलं माणूस समोर नसेल तर ते लिहितील तेच खरं ठरणार. पॅकहाऊसच्या मालकांनी मला जायला सांगितलं. मी आजवर विमान पाहिलं होतं ते ओझरच्या विमानतळावरून उडताना, खालून.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या बँकेत जाऊन मी कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घेतला. तिथल्या बाईंनी समजावलं की खरेदीला खुशाल वापरा, पण त्यावर रोख काढू नका. फी लागते आणि काढल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे ज्ञान मी घरी येऊन असं सांगितलं, जणू नियम मीच केलाय. आप्पा ऐकत होते. थोडे पैसे तिकडच्या नोटांत बदलून हातात ठेव, लय नाय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणाले, आता रोकड कोण नेतं?

"शिकलेल्या माणसाला खिसा नसतो वाटतं," आप्पा म्हणाले.

निघताना माझं सिम मी त्यांच्या फोनमध्ये घातलं. बँकेचा ओटीपी आला तर ते वाचून दाखवतील, असा माझा हिशेब. आमच्याकडून बाहेर गेलेले बरेच जण असंच करतात.

विमान मंगळवारी सकाळी सातला उतरलं. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन. तिथून कोल्ड स्टोरेजला पोचायला दीड तास. तिकिटाच्या मशीनमध्ये मी कार्ड घातलं आणि ते बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. शेजारच्या मशीननंही परत दिलं. खिडकीवरच्या माणसानं त्याच्या यंत्रात घालून पाहिलं आणि मान हलवली. नुसतं कार्ड टेकवून पैसे द्यायची सोय मी घरी स्वतःच बंद केली होती, गर्दीत कुणी टेकवून घेईल या भीतीनं. ती सुरू करायला बँकेचं ॲप उघडावं, तर त्याचा ओटीपी येणार सिमवर आणि सिम आप्पांकडे. स्टेशनच्या वायफायवरून आप्पांना फोन लावला. तिकडे भर दुपार. आप्पा बागेत आणि फोन शेडमधल्या खुंटीला, हे मला इथूनही दिसत होतं.

शेवटी एटीएमपुढं उभी राहिले. जे करू नका म्हणून घरी भाषण दिलं होतं, तेच करायला. त्यानंही कार्ड परत दिलं. साडेआठ वाजून गेले होते. माझ्याकडे एक पदवी होती, एक कोट होता, मेथीच्या दशम्या होत्या आणि एक रुपयासुद्धा चालणार नाही असा देश होता.

मागं रांगेत आईच्या वयाची एक बाई उभी होती. ती वैतागली नाही. हात पुढं करून तिनं कार्ड मागितलं आणि उजेडात तिरकं धरलं. मग नखानं त्या सोनेरी चौकोनावर हलकं खरवडलं. नखाखाली लालपिवळं कीट आलं. तेलात मुरलेलं कुंकू चौकोनाच्या बारीक रेघांमध्ये घट्ट बसलं होतं. हे काय, असं तिनं भुवयांनी विचारलं. मला इंग्रजी येतं, चांगलं येतं, पण त्या क्षणी एकच शब्द सुचला. "मदर," मी म्हणाले. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं रुमालानं चौकोन दोनदा पुसला आणि कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं, प्रसाद द्यावा तसं.

या वेळी मशीननं कार्ड आत ठेवून घेतलं. चार आकडे विचारले. मी दाबले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग भिंतीच्या आत फरफर आवाज झाला आणि नोटा बाहेर आल्या.

मी त्या उचलायच्याच विसरले. मला आप्पांचं खातं आठवलं. ते उघडायला बँकेनं सांगितलं होतं, खातेदार असलेला ओळखीचा माणूस आणा. एका सहीसाठी आप्पा मला घेऊन गावातल्या एका बागायतदाराच्या ओट्याशी तीनदा गेले होते. तीन कोसांवरच्या बँकेला आमची ओळख पटत नव्हती. आणि इथं, समुद्रापलीकडच्या भिंतीनं नाशकात विचारलं, ही कोण? नाशकातून उत्तर आलं, आमची आहे. श्वास घेऊन सोडायच्या आत. मधे ना कुणाचा ओटा, ना कुणाची सही. रांगेतल्या बाईला ती रोजची गोष्ट होती. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

तिकीट काढलं, गाडीत बसले, तेवढ्यात गाडीतल्या वायफायवर फोन वाजला. आप्पा. जेवायला शेडमध्ये आले तर माझ्या सिमवर बँकेचा मेसेज आलेला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडे येतात आणि कार्डाचे शेवटचे चार त्यांनी पाठ केले होते.

"पैसे काढले का तू?"

"काढले."

"व्याज लागंल ना?"

"लागेल."

"लागू दे," आप्पा म्हणाले. "पोचली का?"

पावणेअकराला पोचले. प्रत्येक पेटीवर ज्याच्या-त्याच्या बागेचा नंबर असतो. सहाव्या पेटीवर आमचा नंबर दिसला. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. आणि गार हवेत भिंग लावून देठ पाहणाऱ्या त्या उंच तपासनीसाला तेवढ्यावर ती पेटी कुणाची ते कळत होतं. देठ हिरवे होते. मी बोट ठेवून दाखवलं, त्यानं तसं लिहिलं. कंटेनरच्या दाराजवळच्या दोन थरांतले काळे होते, तेही लिहिलं, कारण ते खरं होतं. बाकी सगळा माल ठरल्या भावानं गेला.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. कुंकवामुळं माझी वाट अडली, याचं आईला वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, त्या बाईला तू काय दिलंस? मी म्हणाले, काही नाही, गडबडीत राहूनच गेलं. त्यावर मात्र ती रागावली.

पुढच्या हंगामात पुन्हा जायचं निघालं. आईनं कार्ड मागितलं, मी दिलं. तिनं चौकोन आधी कोरड्या फडक्यानं पुसला. मग डबी घेऊन कार्डाच्या पार खालच्या कोपऱ्याला, तेलाशिवाय, मोहरीएवढं कुंकू टेकवलं. आप्पांनी बदलून आणलेल्या तिकडच्या चार नोटा त्याच पाटावर होत्या. त्या मी पर्समध्ये ठेवल्या.