ग्वाल्हेरात मुंग्यांची डॉक्टर
डबरा स्टेशन मागे पडलं आणि थोड्याच वेळात लांबलचक, सपाट माथ्याचा किल्ला डब्याच्या खिडकीत आला. साताऱ्याहून मी निघाले होते ती भाचीसाठी. सईने मुंग्यांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. तिची तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली होती.

माझ्या दादाचं, म्हणजे सईच्या वडिलांचं, घर नई सडकवर. सकाळी त्याने गरमागरम बेडई (डाळीचं सारण भरलेली खरपूस पुरी) आणली. "पहिले खाऊन घे, फिर निघू," तो म्हणाला. त्याची मराठी आता अशीच. सई मात्र नुसत्या चहावर उठली.

परीक्षेआधी तिने मला प्रयोगशाळेत नेलं. काचेखाली वारूळ, प्रत्येक मुंगीच्या पाठीवर रंगाचा ठिपका.

"यांच्यात वेगळी राणी नसते, आत्या. यांच्यातलीच एक अंडी देते."

"आणि बाकीच्या?"

"जिचं अंडाशय थोडं भरलेलं, ती आत राहून पिल्लं सांभाळते. जिचं सुकलं, ती बाहेर जाते, खाना शोधायला."

मी वाकून पाहिलं. काचेच्या फटीतून माझा श्वास आत गेला आणि मुंग्यांची एकच पळापळ उडाली.

"फूंक मत मारो ना!" सई खळखळून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

परीक्षा सुरळीत चालली होती. मग बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "अंडाशय सूखता है, इसलिए चींटी बाहर जाती है? या बाहर जाती है, इसलिए सूखता है?"

दादाने माझा हात घट्ट धरला.

"सर, जो निकलने ही वाली थीं, उनका भी सूखने लगा था," सई सावकाश म्हणाली. "लेकिन कारण वही है, यह मेरे प्रयोग साबित नहीं करते. मुझे नहीं पता."

"नहीं पता?"

"अभी नहीं. उन्हें बाहर जाने से रोककर देखना होगा."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला. मग उठून म्हणाले, "बधाई हो, डॉक्टर."

दादा रुमाल शोधू लागला. माझा मी आधीच काढला होता.

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, भरल्या खोलीत आपल्या ज्ञानाची हद्द दाखवायची हिंमत हिला आली कुठून? आमच्या घरात तरी मी ती कुणात पाहिली नव्हती.

समोर बसलेल्या, ग्वाल्हेरच्याच हजीरा भागातल्या बाईंनी विचारलं, "ग्वालियर कैसे आना हुआ?"

"भतीजी डॉक्टर हो गई."

"किसकी डॉक्टर?"

"चींटियों की!" माझा आवाज जरा चढलाच. पलीकडच्या बाकावरची माणसंही वळून बघू लागली.

बघू देत.