राघूंची पेटी

रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेचा माणूस आला अन् आमच्या भिंतीवर गेरूनं रेघ मारून गेला. रेघेच्या पुढचं सगळं पाडायचं! म्हणजे आमच्या सौंसरच्या घराचं पूर्ण तोंडच. सागवानी सज्जा, त्याचा कठडा अन् सज्जा डोक्यावर तोलून धरणारे लाकडाचे राघू. सगळं आजोबांनी कोरलेलं. आजोबा सुतार होते, मी जन्मायच्या आधीच गेले. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. बाबा शाळेत गुरुजी, कमी बोलणारे. त्या रेघेसमोर उभे राहून एवढंच म्हणाले, "माझ्याजवळ बापाचं हेच तं आहे."

मिस्त्री म्हणे, "गुरुजी, सिमेंटचं सपाट तोंड करून देतो, शटर लावू. आता हेच चालून राहिलं."

"शटर तुह्या घराले लाव," आई आतून ओरडली. "आम्ही हेच तोंड मागं सरकवू!"

अन् खरंच तसं ठरलं! सज्जा खोलायचा, घर कापायचं अन् तेच लाकूड मागच्या रेघेवर पुन्हा उभं करायचं. लांब लाकडं अंगणात टेकवली. पण राघू? आमच्याकडे जपायची वस्तू कशात ठेवतात? संत्र्याच्या पेटीत! खाली धानाचं वाळलं तणस, वर तणस, झाकणाले खिळे. आईनं राघूंची पेटी भरली अन् शेजारच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या ओसरीत नेऊन ठेवली, काहून की आमच्या घराले समोरून भिंतच नव्हती.

ऐन संत्र्याच्या बहाराचे दिवस ते! दुसऱ्या दिवशी सकाळी हमालांनी व्यापाऱ्याचा ट्रक भरला. त्यात आमची पेटी बी गेली. थेट नागपूरले!

"माझ्याच हातानं खिळे मारले व माय," आई डोक्याले हात लावून बसली.

बाबांनी चप्पल घातली अन् निघाले. मी नववीत होती, शाळा सोडून मागं पळाली. बसमध्ये त्यांनी खिडकीबाहेर एकदा पाहिलं नाही.

नागपूरच्या बाजारात जिकडंतिकडं पेट्याच पेट्या. मले तं रडूच यायला लागलं. बाबा अडत्याले म्हणाले, "आमची पेटी चुकून आली. राघू आहेत त्यात."

"गुरुजी, हा संत्र्याचा बाजार आहे, पाखरांचा नाही!"

"लाकडाचे राघू."

तवा मागून एक हमाल हसला. "अरे, ते तुमचे होय का? गिऱ्हाईकानं पेटी फोडली तं म्हणे, ह्या संत्र्याले चोच कशी!"

त्यांनी सगळे राघू अडत्याच्या गादीजवळ रांगेत मांडून ठेवले होते. हमाल म्हणे, "कोणाच्या तरी हातचं दिसून राहिलं जी. फेकवलं नाही."

बाबा तिथंच तणसावर बसले. एक राघू उचलला अन् त्याच्या पंखाखाली माझं बोट नेलं. "इथी पाय. पटाशी घसरली होती बापाची. मीच मधात बडबड केली म्हणून. मग त्यानं त्या खाचेचंच पीस काढलं. मले रागावला बी नाही." त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणे, "पेटी टपावर टाका."

"नाही, मांडीवरच राहू द्या."

"संत्रे आहेत ना? मंग एक द्या की!"

बाबांनी झाकण उचलून त्याच्या हातात राघू दिला. त्यानं उलटसुलट करून पाहिला अन् हळूच परत ठेवला. "बसा, बसा," म्हणे.

पुढच्या महिन्यात सज्जा चढला. मिस्त्रीनंच चढवला, बडबडत बडबडत! सज्ज्यामागची खोली मात्र इतकी अरुंद झाली की खुर्ची मावेना. तवापासून बाबा सकाळचा पेपर सज्ज्यात उभ्यानंच वाचून राहिले. आई म्हणते, "बसा ना जरा." ते म्हणतात, "बरं आहे असंच," अन् पान उलटतात.