दुसरं वाचन

माझी आत्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आकडे वाचते. थट्टा नाही, कामच तिचं ते. मास्तरांनी पेपर तपासले की गुणांचे तक्ते येतात. आत्या ते मोठ्याने वाचते आणि समोर बसलेली टायपिस्ट संगणकात भरते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. ऑफिसात तिला आकडेबाई म्हणतात. लग्न का नाही केलंस असं कुणी विचारलं की म्हणते, "दिवसाला तीन हजार आकडे बोलल्यावर घरी आणखी एका माणसाशी बोलायचं त्राण कुठून आणू?"

मी तिची भाची. विद्यार्थी संघटनेची चिटणीस. जीभ तिखट, म्हणून पोरं मला तोफ म्हणतात. आणि ही तोफ मी डागली ती नेमकी आत्याच्याच ऑफिसावर.

मागणी आमची रास्त होती हो! निकाल लागायला शंभर-शंभर दिवस जायचे. पुढच्या वर्गाची निम्मी पुस्तकं संपली तरी मागच्या वर्गात पास की नापास, पत्ता नाही. माझ्या मैत्रिणीची हातातोंडाशी आलेली नोकरी त्यापायी गेली. मग आम्ही उठलो. 'निकाल तीस दिवसांत!' चार हजार सह्या गोळा केल्या, परीक्षा विभागाच्या व्हरांड्यात अकरा दिवस ठाण मांडून बसलो. पत्रक मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : 'हे लोक सगळे आकडे एकदा वाचतात आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून वाचतात. ही काय बालवाडी आहे?'

दुसऱ्या वाचनाची ही बातमी मला कुणी दिली? आत्यानेच, जेवताना, सहज. तिने पत्रक नीट वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "शुद्धलेखन बरं आहे," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ऑफिसातलं घरी बोलणं बंद.

आम्ही जिंकलो. विद्यापीठाने दुसरं वाचन रद्द केलं, हंगामी टायपिस्ट घेतली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी निकाल लावला. घसा बसेपर्यंत ओरडलो आम्ही. मला तर डबल आनंद. संख्याशास्त्राचा पेपर असा गेला होता की मी देव पाण्यात घालून बसले होते. पासाला चाळीस लागतात, मला पडले एकोणपन्नास. आत्याने ऐकलं, हसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शनिवारी दुपारी ती घरी आली ती पांढरीफटक. चपला पायातच, तशीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"आत्या, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"नव्या टायपिस्टला म्हटलं, एकोणसत्तर नंबरचा गठ्ठा आण. तिने एकोणऐंशीचा आणला."

"मग? चुकली असेल."

"अगं, मलाही तसंच वाटलं. मग म्हटलं, बाई, एकोणचाळीस लिहून दाखव. तिने चारावर नऊ लिहिले."

मला आधी हसूच आलं. मग आत्याने सगळं सांगितलं. ती बाई शाळेत आकडे दुसऱ्या भाषेत शिकलेली. एकोणचाळीस ऐकलं की तिच्या कानाला चाळीस ऐकू येई आणि बोटं चारावर पडत. कधी बरोबर, कधी चूक, अंदाजपंचे दाहोदरसे. घाईत पुन्हा विचारायची तिला लाज वाटायची. आणि चूक पकडणारं दुसरं वाचन आम्ही बंद पाडलेलं.

"म्हणजे नापास झालेले..."

"काही पास झालेत. किती, देव जाणे. सोमवारी अकराला गुणपत्रिका छापायला जाणार. त्याआधी साहेबांना सांगायला हवं."

माझे एकोणपन्नास खरे की खोटे? खोटे असतील तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की चिटणीसपद गेलं, नापासाला संघटनेत पद नसतं. "माझे किती, पाहिलेस तू?"

"नाही पाहिले. पाहणारही नाही."

रविवारभर मी तिच्या मागे लागले होते. काय काय बोलले, आठवलं तरी लाज वाटते. गुण वाढलेत ना, कुणाचं काय बिघडलं? कोण तक्रार करणार आहे? विद्यापीठ म्हणेल, बघा, घाई केली की असं होतं. आमची मोहीम मातीत जाईल! शेवटी म्हटलं, "तुला पत्रकाचा सूड उगवायचाय." ती पालेभाजी निवडत होती. हात थांबले.

"कार्टे, आकडा वाचला मी, सही केली मी. सूड कुणावर उगवू, स्वतःवर?" आणि रडायला लागली. आत्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाबा दारात येऊन परत गेले.

सोमवारी साडेनऊला ती साहेबांसमोर उभी राहिली. मी पाठोपाठ गेले, घरी बसवेना. आत्या म्हणाली, चूक माझी, त्या बाईला काढू नका. साहेबांनी कपाळाला हात लावला. "छपाई थांबवा! पण पुन्हा वाचायला माणसं कुठून आणू? आणि ही संघटना तर माझ्या डोक्यावर मिरे वाटेल!"

"माणसं आम्ही देतो," मी म्हणाले. कुठून बोलले कुणास ठाऊक.

दुपारपर्यंत सात टेबलं लागली. ऑफिसातलं माणूस मूळ तक्ता वाचणार, आमच्यातलं एक जण छापील यादी धरून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणणार. चूक असेल तिथे दोघांच्या सह्या. मी आत्यासमोर बसले. चारच्या सुमाराला संख्याशास्त्राचा गठ्ठा आमच्या टेबलावर आला. आत्या उठून साहेबांना म्हणाली, हा दुसरीकडे द्या, यात घरचा नंबर आहे. साहेब फोनवर होते. "अहो बाई, नंबर बघत बसायला वेळ कुणाला आहे? वाचा!"

ती वाचू लागली. बासष्ट. बरोबर. चव्वेचाळीस. बरोबर. एकोणसाठ. यादीत एकोणसत्तर. चूक, सह्या. माझा नंबर सात ओळींवर होता, मग तीन, मग पुढचाच. यादीवरची ओळ मी बोटाने झाकली, जणू झाकल्याने बदलणार होती.

आत्याने तक्त्यावर नजर टाकली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता वाचलं, "एकोणचाळीस."

मी बोट उचललं. आत्या माझ्या शब्दाची वाट बघत होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी 'बरोबर' म्हणालं. मलाही तेच म्हणता आलं असतं. ऐकणारी फक्त आत्या होती, आणि वाटलं, ती कदाचित पुढचा नंबर वाचेलसुद्धा.

"चूक," मी म्हणाले.

तिने लाल पेनने आकडा खोडला, वर ३९ लिहिलं, सही केली आणि यादी माझ्याकडे सरकवली. तिच्या सहीखाली मी माझी सही केली.