नव्या नेटच्या तारेला जाळ्याची गाठ

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी अकराला माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. मूल शहराजवळच्या आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही. जुनं ब्रॉडबँड सारखं बंद पडायचं, म्हणून कालच दुसऱ्या कंपनीचं घेतलं. बाबांना मी म्हणाले, "जुनी तार आता काही कामाची नाही."

बाबा तलावात मासे धरतात. मजबूत तार ते वाया जाऊ देत नाहीत. पावणेअकराला डोंगा म्हणजे होडी बांधायला म्हणून त्यांनी तार कापली आणि नेट गेलं. कापलेली तार नवी होती.

मी ओरडलेच.

"मले तं दोन्ही काळ्याच दिसल्या, पोरी."

रेंज मिळेल म्हणून मी तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, धावले. मिळाली तेव्हा माझी वेळ निघून गेली होती. तिथूनच नेटच्या कंपनीला फोन केला, तर माणूस म्हणाला, उद्या येतो.

परत आले, तर बाबांनी तारेची दोन्ही टोकं जाळ्याच्या गाठीने घट्ट बांधून ठेवलेली.

"आता नाई सुटत. पाह्य बरं, चालू झालं का?"

आत काचेचा धागा असतो, तो गाठीने जुळत नाही, हे घरातल्या एकमेव पदवीधराने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मुलाखत गेली, हेही अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?