त्या शिपायाचं नाव

मैत्रिणींनो, आठवतं का, कॉन्व्हेंटमध्ये इतिहासाच्या तासाला इंग्रजांचा शिपाई पडला की आपण आनंदाने बाकावर पेन्सिली आपटायचो?

आज अल्लीपूरला नव्वदीच्या यमुनाबाईंना, आपल्या भागातल्या बेचाळीसच्या बंडावरच्या माझ्या कादंबरीतली लढाई वाचून दाखवली. प्रत्येक बंडवाल्याच्या नावाला त्या हात जोडत होत्या. जमावाने शिपायाला मारलं, तेव्हाही हात जोडलेलेच.

"हा माहा बाप, महादेव," त्या म्हणाल्या. "साऱ्याइले नावं देल्ले, त्यालेच काऊन नाई? तोही इथलाच होता नं बाई."

घरी येताच छपाई थांबवली आहे.

मीना, रेखा, तुमच्याकडच्या कच्च्या प्रती परत पाठवा, त्यात त्याचं नाव घालायचं आहे. पहिली छापील प्रत यमुनाबाईंना द्यायची, महादेवचं पान उघडून. माझी शेवटी.