शेवटच्या बाकावरची किटली

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची अजून लाज वाटते. साठीचे ते गृहस्थ कागलकडून येऊन आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनला दूध घालायचे आणि किटली रिकामी होऊन मिळेपर्यंत माझ्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. टोपी मांडीवर, नजर फळ्यावर. वर्गात पोरं सहाच. तेवढाच वर्ग भरलेला दिसतो, म्हणून मी त्यांना कधी उठवलं नाही.

विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती वर्गात येऊन बसली आणि नेमकी त्या दिवशी माझी वीस वर्षांची वही घरी राहिली. ‘सत्य म्हणजे काय?’ एवढं विचारलं आणि पुढचं आठवेना.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, हितं तुमी चष्मा पुसतासा.”

मी चष्मा पुसला.

“आता अंधारातला साप. दिवा लावल्याव दोरी निघती. मग तुमी खोकतासा.”

तासभर ते सांगत गेले, मी बोलत आणि खोकत गेलो. समितीने शेरा दिला, ‘विद्यार्थ्यांचा उत्तम सहभाग.’ विभाग वाचला.

बाहेर मी त्यांचे हात धरले. “पावणं, तुमच्यामुळं वाचलो.”

“ते ऱ्हाऊ द्या,” किटली उचलत ते म्हणाले. “तीन वर्सं झाली, दर साली दोरीच निघतीया. त्येच्या फुडं काय हाय, ते कवा सांगणार? त्येच्यासाठीच बसतोय की मी.”

दुसऱ्या दिवशी ते येऊन बसले. मी वही मिटून ठेवली, दोरीपर्यंत आलो, आणि खोकलो.